ग्रामर कोणतं घेतलं?

आपल्याकडे शाळा काढायची तर आधी जागा लागते, मग संस्था लागते, संस्थेला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्षांना आमदार व्हायचं असतं. उत्तर कॅरोलिनात यातलं काहीच लागत नाही. आई किंवा वडील बारावी झालेले असले, त्यांनी सरकारी खात्याला ‘आम्ही घरी शाळा काढतोय’ असं कळवलं आणि शाळेला एक नाव दिलं, की शाळा सुरू. शाळेच्या प्रमुखाला कागदोपत्री ‘चीफ ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. आमच्या घरी हे पद बायकोकडे गेलं. निवडणूक बिनविरोध झाली. उरलेली पदं, म्हणजे शिपाई, कँटीनवाला, बसचा ड्रायव्हर आणि एकमेव देणगीदार, माझ्या वाट्याला आली.

नावावरून थोडी झकाझकी झाली. सांगलीहून बाबांनी फोनवर सरस्वतीपासून ज्ञानेश्वरांपर्यंत सगळी नावं सुचवली. पण इथल्या कारकुनाला ती लिहिता आली पाहिजेत, असं चीफ ॲडमिनिस्ट्रेटरांचं म्हणणं पडलं. शेवटी आडनावापुढे ‘ॲकॅडमी’ चिकटवून विषय मिटवला. पटसंख्या दोन. थोरली पाचवीत, धाकटा तिसरीत. शिपायासकट चार माणसांच्या या संस्थेत पहिल्याच महिन्यात दोन गट पडले, त्यामुळे संस्था मराठी माणसाची आहे याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

गट पडले ते इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकावरून. गणिताचं पुस्तक एका संध्याकाळी ठरलं होतं. विज्ञानासाठी घरामागचं ओढ्याकाठचं रान होतं, इतिहासासाठी लायब्ररी होती. व्याकरणही असंच कुठेतरी ढकलून देता आलं असतं, पण कायदा आडवा आला. १९८५ साली इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शाळेला मोकळीक दिली आणि १९८८ साली विधिमंडळाने तिचे नियम केले. त्या नियमांनुसार मुलांची दर वर्षी एक प्रमाणित चाचणी घ्यावी लागते. चाचणीत काय काय हवं, तर इंग्रजी व्याकरण, वाचन, स्पेलिंग आणि गणित. यादीत पहिलं नाव व्याकरणाचं. एवढं वाचल्यावर बायकोने लॅपटॉप उघडला आणि त्या रात्रीपासून आमच्या घरात ‘ग्रामर कोणतं घ्यायचं?’ हा एकच प्रश्न उरला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? दुकानात जावं, पुस्तक आणावं. त्याला कल्पना नाही. गणिताची पुस्तकं असतात, व्याकरणाचे पंथ असतात. पहिला पंथ क्लासिकलवाल्यांचा. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला एक व्याख्यान दिलं आणि त्यात मुलांच्या वाढीचे टप्पे सांगितले. त्यातल्या पहिल्या टप्प्याला तिने चक्क पोपटाचं नाव दिलं. या वयात मुलांना पाठांतर आवडतं, तेव्हा करून घ्या, असा मथितार्थ. आमच्या पिढीने शाळेत पोपटपंची केली म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्ले. तीच गोष्ट ऑक्सफर्डला सांगितली की तत्त्वज्ञान होतं.

दुसरा पंथ शार्लट मेसन यांचा. या बाई १८४२ ते १९२३ या काळात इंग्लंडमध्ये होऊन गेल्या. त्यांचं म्हणणं असं की व्याकरण ही अमूर्त गोष्ट आहे, लहान पोरांच्या डोक्यावर ती लादू नका. दहाएक वर्षांपर्यंत चांगलं वाचून दाखवा, ऐकलेलं त्यांच्या शब्दांत सांगायला लावा, उत्तम उतारे सुवाच्य अक्षरात उतरवून घ्या आणि भरपूर वेळ उघड्यावर फिरवा. तिसरा पंथ जॉन होल्ट यांच्या अनुयायांचा. त्यांनी शाळा आणि अभ्यासक्रम दोन्ही निकालात काढले. मुलाला गरज पडली की ते शिकेल, आपण मध्ये पडायचं नाही. या पंथात पुस्तकखरेदी जवळजवळ शून्य असल्यामुळे तो मला पहिल्या वाक्यात पटला. पण देणगीदाराला मताचा अधिकार नसतो.

मग नमुने मागवायला सुरुवात झाली. व्याकरणाच्या पुस्तकांचे प्रकाशक उदार असतात. पहिले काही धडे फुकट देतात. त्यामुळे आमच्या मुलांनी त्या उन्हाळ्यात नाउन म्हणजे काय हे इतक्या वेगवेगळ्या पद्धतींनी शिकून घेतलं की ती क्रियापदापर्यंत पोचतच नव्हती.

सुरुवात ‘फर्स्ट लँग्वेज लेसन्स’पासून झाली. जेसी वाइज या बाईंचं हे पुस्तक म्हणजे चक्क नाटकाची संहिता आहे. आईने काय बोलायचं ते छापलेलं, मुलाने काय उत्तर द्यायचं तेही छापलेलं. आईला व्याकरण यायची गरज नाही, वाचता आलं की पुरे. तालमीला सगळे डायनिंग टेबलाशी बसले. धाकट्याने पहिल्याच अंकात संहितेला सुरुंग लावला.

“नाउन म्हणजे व्यक्ती, स्थळ, वस्तू किंवा कल्पना यांचं नाव,” बायकोने ठसक्यात वाचलं.

“आई, लंच हे काय आहे?”

“वस्तू.”

“मग कुठाय?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कँटीन माझ्याकडे होतं.

“आज कल्पना आहे,” मी म्हणालो.

पुढे आला ‘शर्ली इंग्लिश’. यात व्याख्या गाण्यांसारख्या तालावर म्हणायच्या असतात. थोरलीने ‘हे बाळबोध आहे’ म्हणून अंग काढून घेतलं, पण धाकट्याच्या तोंडात प्रीपोझिशन्सची यादी बसली ती बसलीच. अबोर्ड, अबाउट, अबव्ह, अक्रॉस, असं अकारविल्हे म्हणत तो घरभर फिरायचा. एकदा माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना मागून खणखणीत ‘अबोर्ड!’ ऐकू आलं. पलीकडून साहेबांनी काळजीने विचारलं, ट्रेनमध्ये आहेस का? बाबा मात्र व्हिडिओ कॉलवर हे पाठांतर ऐकून प्रसन्न झाले. “काही का असेना, पोरगं पाठ तरी करतंय,” म्हणाले.

मग केंटकीच्या मेनोनाइट मंडळींचं ‘रॉड अँड स्टाफ’ आलं. जाड पुठ्ठ्याचं, टिकाऊ, स्वस्त आणि रंगीबेरंगी चित्रांच्या वाटेला न जाणारं. चौथीच्या पुस्तकाचं नाव ‘बिल्डिंग विथ डिलिजन्स’, पाचवीच्या पुस्तकाचं ‘फॉलोइंग द प्लॅन’. पुण्यातल्या कुठल्याही बिल्डरने जाहिरातीसाठी उचलावीत अशी ही नावं. फरक एवढाच की इथे जे कबूल केलंय ते मिळतं. प्रत्येक नियम पद्धतशीर सांगितलेला, त्यावर भरपूर सराव, आणि वाक्यं सगळी शेतावरची आणि बायबलमधली. या वाक्यांतली मुलं गोठ्यात कामं करतात, आईला मदत करतात आणि भावंडांशी भांडत नाहीत. थोरलीने थोडा वेळ मन लावून वाचलं आणि विचारलं, “बाबा, ही फॅन्टसी आहे का?”

‘फिक्स इट! ग्रामर’ तिला आवडलं. यात एक गोष्ट असते आणि ती रोज एका चुकीच्या वाक्याने पुढे सरकते. वाक्यातल्या चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि शुद्ध वाक्य वहीत उतरवायचं. पद्धत उत्तम आहे. तिचा दुष्परिणाम पुठ्ठ्यावर छापायला हवा होता. एकदा चूक शोधायची चटक लागली की मूल पुस्तकापुरतं थांबत नाही. किराणा दुकानात ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असलेल्या रांगेत उभं राहून थोरलीने कॅशियरला ‘लेस’च्या जागी ‘फ्यूअर’ का हवं ते समजावलं. मागच्या रांगेने ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण दक्षिणेकडची माणसं सभ्य असतात. घरी आल्यावर तिने माझी ऑफिसची ईमेल हातात घेतली. ‘काइंडली डू द नीडफुल’ला तिने लाल वर्तुळ केलं आणि समासात लिहिलं, ‘कोणतं नीडफुल?’ वीस वर्षं भारतीय कंपन्यांचा गाडा ज्या वाक्यावर चालताना मी पाहिला, त्या वाक्याला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

एवढं सगळं चालू असताना सांगलीचा धोशा वेगळाच होता. बाबा निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले आणि ‘रेन अँड मार्टिन’वर पोसलेले.

“अरे, रेन-मार्टिन असताना तुम्ही शोधताय काय?” ते दर रविवारी विचारायचे. “सूनबाईंना म्हणावं, मी पाठवून देतो. माझ्याकडे तीन प्रती आहेत.”

बाबांची बाजू लंगडी नाही. रेन-मार्टिन गेली कित्येक दशकं भारतात छापलं जातंय आणि विकलं जातंय. पण इथल्या होमस्कूलवाल्यांना त्याचा पत्ता नाही. पी. सी. रेन हे गृहस्थ आपल्याकडच्या शिक्षण खात्यात होते. कराची मुंबई इलाख्यात होतं तेव्हा तिथल्या हायस्कुलात हेडमास्तर होते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र त्यांना ओळखतात ते कादंबरीकार म्हणून. १९२४ साली आलेल्या त्यांच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीत तीन भाऊ घरदार सोडून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात आणि थेट सहाराच्या वाळवंटात जातात. पूर्वी मला हे कथानक ओढूनताणून आणलेलं वाटायचं. बाबांनी पाठवलेल्या प्रतीतले पॅसिव्ह व्हॉइसचे प्रश्न मुलांकडून सोडवून घ्यायला बसलो, तेव्हा त्या भावांचा निर्णय मला पटला.

या पार्सलमुळे एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडचं व्याकरण म्हणजे रूपांतर. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, वाक्याचा अर्थ न बदलता ‘नो सूनर’ वापरा. अमेरिकन पुस्तकांत या कसरती फारशा नाहीत. त्यांच्याकडे वाक्य उलटंसुलटं करत नाहीत, उकलून मांडतात. १८७७ साली ब्रुकलिनच्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी वाक्याचा आराखडा काढायची एक रीत पुस्तकात मांडली, ती अजून चालू आहे. एक आडवी रेघ काढायची आणि तिला छेदणारी उभी रेघ मारायची. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. क्रियापदानंतर एक आखूड उभी रेघ, ती आडव्या रेघेच्या खाली जात नाही, आणि तिच्यापुढे कर्म. विशेषणं तिरप्या रेघांवर खाली लोंबकळतात.

धाकट्याने स्वतः रचलेलं वाक्य होतं, ‘द हंग्री बॉय एट कोल्ड पिझ्झा.’ कँटीनविषयीची तक्रार त्यात स्पष्ट होती. त्याने रेघ ओढली. वरती बॉय, एट आणि पिझ्झा ऐटीत बसले. बॉयच्या खाली ‘द’ आणि ‘हंग्री’ टांगले गेले, पिझ्झाच्या खाली ‘कोल्ड’. वाक्यातला कोणता शब्द स्वतःच्या पायावर उभा आहे आणि कोणता दुसऱ्याच्या जिवावर जगतोय, ते लख्ख दिसलं. मी इंजिनियर माणूस. मला शाळेत कुणी हे दाखवलं असतं तर मी इंग्रजीच्या तासाला झोपलो नसतो.

दुसरी गोष्ट ध्यानात आली ती रेमंड मर्फी यांच्या निळ्या पुस्तकामुळे. ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे केंब्रिजने १९८५ साली काढलेलं पुस्तक मी परदेशी येताना विश्वासाने बरोबर आणलं होतं. ते मुलांपुढे ठेवलं. मुलांनी फराफरा प्रश्न सोडवले आणि विचारलं, “यात शिकायचं काय आहे?” पुस्तक इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी आहे. त्यात ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे, यावर धड्यांमागून धडे आहेत. आपल्या भाषेत आर्टिकल नावाची भानगड नसल्यामुळे मला ते आजही अंदाजाने ठोकावं लागतं. मुलांना ते खेळाच्या मैदानावर फुकट मिळालंय. त्यांना येत नाही ते वेगळं आहे. स्वल्पविराम कुठे द्यायचा, लांबलचक वाक्यात कर्ता कुठला, ‘इट्स’मध्ये तो वर टांगलेला स्वल्पविराम कधी येतो, हे त्यांना शिकवावं लागतं. म्हणजे एकाच टेबलाशी बसून बाप एक व्याकरण चुकतो आणि मुलं दुसरं. दोघांनाही पुरेल असं पुस्तक कुठल्याच प्रकाशकाकडे नाही.

खरा उजेड पडला तो एका चर्चच्या हॉलमध्ये. होमस्कूलवाल्या घरांतली जुनी पुस्तकं तिथे विकायला येतात. लांबच लांब टेबलं, त्यांवर सगळ्या पंथांची ग्रामरं गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी, आणि टेबलामागे थकलेल्या आया. मी सहज एक सरावपुस्तक उघडलं. पहिली पानं सुंदर सोडवलेली, शेजारी चांदण्यांचे स्टिकर. पुढे स्टिकर संपले. आणखी पुढे अक्षर बिघडलं. एके ठिकाणी अर्धं वाक्य लिहिलेलं होतं आणि त्यापुढचं अख्खं पुस्तक कोरं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. क्लासिकल असो की शार्लट मेसन, सगळी पुस्तकं साधारण तिथेच थांबली होती. ऑगस्टमध्ये सुरू झालेली शाळा हॅलोविनच्या आसपास ज्या पानाशी पोचते, तिथे.

त्या कोऱ्या पानांत मुलांचा काही दोष नव्हता. मूल समोर ठेवलेलं कुठलंही पुस्तक सारख्याच नाखुशीने सोडवतं. पुस्तक थांबतं ते आईचा उत्साह संपतो तेव्हा. ‘हे खूप छान आहे, जवळजवळ नवंच आहे,’ असं सांगून विकणाऱ्या बाईंचा चेहरा बघितला आणि कळलं की इतके दिवस आम्ही चुकीच्या विद्यार्थ्यासाठी पुस्तक शोधत होतो.

घरी येऊन बायकोला हे सांगणार, तोच तिने मला एक अहवाल दाखवला. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९६३ साली तो काढलेला. ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर या तिघांनी तोवरची संशोधनं चाळून लिहिलं होतं की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांच्या लेखनात सुधारणा होत नाही. उलट लिहिण्याचा वेळ त्यात जात असेल तर नुकसानच होतं. एवढे नमुने मागवल्यावर हे वाचायला मिळणं म्हणजे वरातीमागून आलेलं घोडं. पण राज्याची चाचणी काही त्या तिघांना विचारून ठरलेली नाही, त्यामुळे पुस्तक घेणं भागच होतं. फक्त ते आटोपशीर हवं, आणि उरलेला वेळ मुलांनी लिहिण्यात घालवावा, एवढं मात्र ठरलं.

पुस्तक निवडलं ते चीफ ॲडमिनिस्ट्रेटरांच्या स्वभावाला धरून. बायकोने पुण्यात बरीच वर्षं बँकांचं ऑडिट केलंय. ऑडिटरला खोडण्यासारखं सुख नाही. वांडा फिलिप्स यांच्या ‘ईझी ग्रामर’मध्ये आधी प्रीपोझिशन्स पाठ करायच्या, मग वाक्यातले प्रीपोझिशनचे सगळे शब्दसमूह खोडून टाकायचे. उरलेल्या मोकळ्या जागेत कर्ता आणि क्रियापद आपोआप सापडतात. बायकोने पहिल्याच पानावर लाल पेन उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. ‘अबोर्ड, अबाउट’ची आयती शिदोरी धाकट्याकडे होतीच.

त्याने पहिला हात मारला तो आमच्या वसाहतीच्या समितीकडून आलेल्या पत्रावर. पत्र चांगलं लांबलचक होतं. नियमावलीच्या अमुक कलमाच्या अन्वये, समितीच्या मागच्या बैठकीतल्या ठरावाला अनुसरून, वसाहतीच्या सौंदर्याच्या हिताच्या दृष्टीने, चालू महिन्याच्या अखेरीच्या आत, अशी त्यात गाडी चाललेली. धाकट्याने एकेक शब्दसमूह खोडत नेला. खाली उरलं, ‘ओनर्स मस्ट पेंट फेन्सेस.’

“एवढंच सांगायचं होतं?” त्याने विचारलं.

एवढंच सांगायचं होतं. मी ब्रश आणायला गेलो.

आता आमच्याकडे रोज थोडं खोडकाम असतं, आणि शुक्रवारी रेघा ओढायचा तास शिपाई घेतो. बाबांचं रेन-मार्टिन फळीवर मानाने उभं आहे आणि अडलं की आम्ही त्यांनाच फोन लावतो. त्यांचं उत्तर पुस्तकापेक्षा लांब असतं, पण मुलं ते ऐकतात.

तेव्हा कुणाच्या घरी अशी शाळा निघणार असेल तर एवढंच सांगणं आहे. ग्रामर मुलांसाठी निवडू नका. मुलं कुठल्याही पुस्तकाला तितकीच कंटाळतात. जिला ते नोव्हेंबरातल्या दुपारी, भांडी तशीच पडलेली असताना, पुन्हा उघडायचं आहे, तिच्यासाठी निवडा. नाटकाची आवड असेल तर संहितेचं घ्या, गळा असेल तर गाण्यांचं घ्या, खोडायला आवडत असेल तर आमचं घ्या. आणि एकदा घेतलं की मे महिन्यापर्यंत दुसऱ्या कुठल्याही कॅटलॉगला हात लावू नका.